जवाईबुवांनी काढलेली दुर्बीण

माझ्या सासऱ्यांच्या बंदुकीवरची दुर्बीण काढायला मी गेलो होतो हे खरं आहे. ती निघाली हेही खरं आहे. या दोन वाक्यांच्या मधे जे झालं त्याबद्दल अकोला जिल्ह्यातलं एकही माणूस मला आजपर्यंत एका शब्दाने बोललेलं नाही, आणि माझं दुःख तेच आहे. कोणी चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या मुकाट खाल्ल्या असत्या आणि विषय मिटला असता. पण मी पडलो जावई. वऱ्हाडात जावयाने घराला आग लावली तरी आधी त्यालाच विचारतात, धुराने डोळे तर चुरचुरत नाहीत ना?

तर बंदूक. माझे सासरे खुशालराव, म्हणजे मामाजी, बार्शीटाकळीच्या पुढच्या एका गावात राहतात. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांच्या वेळची विलायती शिकारी बंदूक आहे. रीतसर परवान्यावरची, पिकाच्या राखणीसाठी. तिने पिकाची राखण शेवटची कधी केली हे गावात कोणाला आठवत नाही. काडतुसं घरात नाहीत, आणायची कोणाला इच्छाही नाही. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं मामाजींच्या वावरातली तूर अगदी घरच्यासारखी बसून खातात. पण त्या बंदुकीवर एक दुर्बीण आहे. काळी, हातभर लांब नळी. ती दोन लोखंडी कड्यांत धरलेली, कडी एका लोखंडी बैठकीवर, आणि बैठक बंदुकीवर स्क्रूंनी घट्ट बसवलेली. नागपूरच्या कोण्या कारागिराने मामाजींच्या वडिलांना ती बसवून दिली आणि तेव्हापासून तिथून कोणी हलवली नव्हती.

मामाजींचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. वावर नाल्याच्या पलीकडे आहे, आणि नाल्यापर्यंत जाणंही आता त्यांना होत नाही. म्हणून रोज संध्याकाळी ते कसेबसे गच्चीवर चढायचे, कठड्यावर पोतं टाकायचे, पोत्यावर बंदूक ठेवायचे आणि दुर्बिणीला डोळा लावून वावर पाहायचे. डाव्या हातात मोबाइल. तिकडे वावरात सुंदराबाई. मामाजींचं वावर आता तीच सांभाळते, निंदणाच्या बायांकडून काम तीच करून घेते. मामाजी इकडून सांगायचे, "सुंदराबाई, मधातल्या पट्ट्यात गवत राह्यलं." ती तिकडून म्हणायची, "काढतो मालक, जेवू तर द्या." दिवस मावळायच्या सुमारास घरी निघताना ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून गच्चीच्या दिशेने एक हात वर करायची. म्हणजे सगळं ठीक आहे. तो हात दिसला की मामाजी बंदूक गुंडाळून खाली यायचे आणि जेवायला बसायचे. हात दिसल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही असं सासूबाई सांगायच्या. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

आता शेजारच्या कुलदीपने नवीन दुमजली घर बांधलं. त्याच्या बहिणीला, प्रणालीला, पाहायला धामणगाव रेल्वेहून पाहुणे आले. खाली उकडत होतं म्हणून कुलदीपने पोह्यांच्या बशा वर गच्चीवर नेल्या. मुलाच्या वडिलांनी पहिला घास घेतला, सहज समोर पाहिलं, तर पलीकडच्या गच्चीवरून एक म्हातारा त्यांच्यावर बंदूक रोखून बसलेला. ते बशीसकट प्लास्टिकच्या खुर्चीमागे गेले. मामाजींचं पाहुण्यांकडे लक्षच नव्हतं, ते तुरीचं पीक पाहत होते. उलट त्यांनी पाहुण्यांना मोठ्याने सांगितलं म्हणे, "थोडे बाजूले सरका, मधात येऊन राहिले तुमी."

प्रकरण ठाण्यात गेलं. ठाणेदार समजूतदार निघाले. मामाजींचं वय आणि गुडघे बघून त्यांनी गुन्हा नोंदवला नाही, पण सुनावलं, की दुर्बीण आणि तिची बैठक दोन्ही बंदुकीवरून उतरवा आणि सोमवारी बंदूक दाखवायला आणा. नाहीतर बंदूक ठाण्यात जमा करा. दुर्बीण नुसती हातात धरून दिवसभर वावर पाहिलं तरी ठाण्याची हरकत नाही.

हे सगळं साधनाला, म्हणजे माझ्या बायकोला, सासूबाई फोनवर सांगत होत्या आणि फोन स्पीकरवर होता. अकोल्याच्या दुरुस्तीवाल्याकडे बंदूक न्यायची तर परवानाधारकाने स्वतः न्यायला हवी, आणि मामाजींना बसची उंच पायरी चढता येत नाही. दुसऱ्याने न्यायची तर ठाण्याची परवानगी हवी, परवानगीसाठी दुरुस्तीवाल्याचं पत्र हवं, आणि दुरुस्तीवाला म्हणतो, बंदूक पाहिल्याशिवाय पत्र कसं देऊ. मी जिल्हा परिषदेत नोकरी करतो, त्यामुळे या वर्तुळाचं मला कौतुकच वाटलं. आणि त्या कौतुकाच्या भरात मी स्पीकरकडे वाकून म्हणालो, "मामी, काळजी करू नका. दोन स्क्रूंचं काम आहे. मी येतो."

साधनाने माझ्याकडे पाहिलं. "तुमाले काय येते त्यातलं?" ती फोन ठेवल्यावर म्हणाली. मी कपाटातून माझी हत्यारांची पेटी काढून फक्त तिच्यासमोर ठेवली. अमरावतीच्या सायन्सकोर मैदानावरच्या प्रदर्शनातून घेतलेली ती पेटी फार देखणी आहे. आत लहानमोठी टोकं ओळीने खोचलेली आहेत. त्यातल्या एकाने मी एकदा चष्म्याची काडी बसवली होती, ती बरेच दिवस टिकली.

निघण्याआधी मी अमरावतीत तज्ज्ञांचा सल्ला घेतला. आमच्या अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर धर्मपाल गवई राहतात. अख्खी नोकरी पोलिसात. बंदूक म्हटल्यावर त्यांच्याकडे जाणं ओघाने आलंच. त्यांनी मला चहा दिला आणि मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "किशोरभाऊ, आधी दुर्बीण कड्यांतून मोकळी करा. गादीवर नेऊन ठेवा. मंग लोखंडाशी काय भांडायचं ते भांडा. आमी क्लॅरिनेट पुसताना तेच करत होतो, नाजूक भाग आधी बाजूले." तेव्हा कुठे मला कळलं की गवईसाहेब पोलीस बँडमध्ये होते आणि बंदुकीशी त्यांचा संबंध सलामीपुरताच आला होता. मी मान डोलावली, चहा संपवला आणि वाद्यवाल्याचा सल्ला मनातून पुसून टाकला. वरच्या मजल्यावरच्या मनोजचं म्हणणं मला जास्त पटलं. तो दुचाकीच्या शोरूममध्ये आहे. तो म्हणाला, "जाम झालेला कोन्ताही नट गरम केला का सुटते. लोखंड हाय, पसरते." यात विज्ञान होतं.

त्या वर्षी श्रावण दोन आले होते. अधिक महिना म्हणजे जावयाच्या मानाचा महिना, आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्यामुळे माझ्या जाण्याला दुहेरी निमित्त झालं. शनिवारी बंदूक, रविवारी धोंड्याचं जेवण, सोमवारी ठाणं. बसमध्ये मी साधनाशेजारी मांडीवर पेटी घेऊन बसलो होतो आणि मूर्तिजापूरच्या पुढे एका सहप्रवाशाने मला डॉक्टर समजून पाठीचं दुखणं सांगितलं. मी ऐकून घेतलं. तेवढं तेज त्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर असावं.

शनिवारी दुपारी ओसरीवर सतरंजी अंथरून मी बंदूक समोर घेतली. आधी ती रिकामी आहे हे मामाजींनी मला दाखवलं, मग मी पुन्हा पाहिलं, मग सगळ्यांना मागे सरकायला सांगून तिसऱ्यांदा पाहिलं. सासूबाई वच्छलाबाई कौतुकाने म्हणाल्या, "किती जपून करतात पाहा." मी पेचकस हातात घेतला. आणि स्क्रू शोधू लागलो.

स्क्रू नव्हते. बैठकीवर, कड्यांवर, सगळीकडे लालसर काळं, टणक असं काहीतरी लिंपलेलं होतं. मी नखाने खरवडलं तर नख तुटलं. "हे काय आहे?" मी विचारलं.

"कुंकू," सासूबाई म्हणाल्या. "दसऱ्याचं."

खुशालरावांच्या वडिलांपासून दर दसऱ्याला त्या बंदुकीची पूजा होत आलेली होती. पूजेत तिला हळद-कुंकू वाहायचं, वरून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, आणि अक्षता. ते पुसायचं नाही, कारण देवाचं आहे. पुढच्या दसऱ्याला त्यावर पुन्हा हळद, कुंकू, तेल आणि अक्षता. बंदुकीची देखभाल या घरात झालेलीच नाही असं म्हणता येणार नाही. भक्तीने झाली होती, इतकंच. स्क्रूच्या खाचेत तांदळाचे दाणे मुरून बसले होते आणि दोन पिढ्यांच्या कुंकवाने त्यावर गिलावा केला होता. मी खरवडायला चाकू मागितला. सासूबाई हळूच म्हणाल्या, "धोंड्याच्या महिन्यात देवाचं कुंकू खरडनं बरं नाई. पन तुमी म्हनान तसं, जवाईबुवा."

"तुमी म्हनान तसं" या तीन शब्दांनी माझा घात केला. हे शब्द मला ऑफिसात कोणी म्हणत नाही. घरी तर प्रश्नच नाही. मी गंभीर चेहऱ्याने थोडा विचार केला आणि निर्णय दिला की आधी बंदुकीला नमस्कार करून क्षमा मागावी आणि मग खरवडावं. सगळ्यांना हा तोडगा फार आवडला. सासूबाईंनी उदबत्ती लावली. मी क्षमा मागितली. ती त्या वेळी उगाच आधी मागितली असं आता वाटतं.

एव्हाना ओसरीसमोर माणसं जमली होती. जवाईबुवा बंदूक खोलून राहिले ही बातमी गावात फिरली होती. आणि प्रत्येकाजवळ एक तेल होतं. कोणी म्हणालं रॉकेल टाका, कोणी म्हणालं शिलाई मशीनचं तेल. गोदाबाई नावाच्या एका आजींनी घरून एरंडेल आणलं. कुलदीपसुद्धा आला होता. तक्रार केल्यापासून तो मामाजींशी बोलत नव्हता, पण जवाई गावाचा असतो म्हणून माझ्याशी बोलला. त्याने दुर्बिणीवरच्या कड्यांकडे बोट दाखवलं. "जवाईबुवा, हे कडे वरून सोडले तं दुर्बीण आधी मोकळी नाई का होनार?"

गवईसाहेबांचंच म्हणणं पुन्हा माझ्यासमोर उभं राहिलं होतं. मला तेव्हाच ऐकता आलं असतं. पण कड्यांचे स्क्रू कुंकवाखाली कुठे आहेत तेच मला सापडत नव्हतं, बैठकीचे निदान दिसायला लागले होते, आणि एवढ्या लोकांसमोर "सापडत नाही" म्हणणं जमेना. मी म्हणालो, "तसं करता येतं. पण शास्त्र असं आहे की मुळापासून काढावं." कुलदीप मागे सरला. "मंग बरोबर," तो म्हणाला. "तुमचा अभ्यास हाय."

खाचा मोकळ्या करून आम्ही सगळी तेलं थोडी थोडी टाकली, कोणाचं मन मोडायला नको म्हणून. मग मी पेटीतलं सगळ्यात मोठं टोक लावून पेचकस फिरवला. स्क्रू हलला नाही, टोक फिरलं. पुन्हा जोर दिला. या वेळी पेचकस घसरला आणि बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर एक लांब पांढरा ओरखडा उठला. समोरची सगळी माणसं एकदम दुसरीकडे पाहू लागली. कोणी कडुनिंबाकडे, कोणी आभाळाकडे. मामाजी म्हणाले, "तो आधीचाच हाय."

तो आधीचा नव्हता.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं, धोंड्यांची कणीक मळली जात होती, आणि मी ओसरीवर स्क्रूंशी झगडत होतो. त्यांच्या खाचा आता खाचा राहिल्या नव्हत्या, वाट्या झाल्या होत्या. साधना एकदा बाहेर येऊन पाहून गेली.  शेवटी मी मनोजचं विज्ञान बाहेर काढलं आणि इस्त्री मागितली. सासूबाईंची जुनी जड इस्त्री लाल दिवा विझेपर्यंत तापवून मी ती बैठकीवर टेकवली. लोखंड पसरावं म्हणून बराच वेळ टेकवून ठेवली. सगळ्या तेलांचा मिळून एक धूर निघाला आणि गोदाबाईंच्या एरंडेलाचा वास स्वयंपाकघरापर्यंत गेला. इस्त्री जाडजूड, बैठक अरुंद. इस्त्रीचा निम्मा भाग दुर्बिणीच्या नळीला लागून होता. मी पाहिलं होतं. पण माझं सगळं लक्ष बैठकीवर होतं, आणि दुर्बीण म्हणजे मला त्या क्षणी काढून टाकायची वस्तू वाटत होती.

मामाजी दाराशी खुर्चीवर बसले होते. ते एकदाच म्हणाले, "जवाईबुवा, काचीले गरमी चालते का?"

"चालते मामाजी," मी म्हणालो. "विलायती काच आहे."

त्यांनी मान हलवली आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले.

मग मी खलबत्त्याचा बत्ता मागितला. बत्त्याला फडकं गुंडाळून पेचकसाच्या मुठीवर ठोकायचं आणि त्याच वेळी फिरवायचं, असा प्रकार मी मोबाइलवर एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाला करताना पाहिला होता. तो हळूच ठोकत होता. मी पहिल्यांदा हळूच ठोकलं. मग जरा जोरात. मग दोन दिवसांचा राग, गवईसाहेबांचा क्लॅरिनेट, कुलदीपचा "अभ्यास", तो पांढरा ओरखडा असं सगळं त्या बत्त्यात उतरलं. पहिला स्क्रू कर्र करून फिरला. पाठोपाठ दुसरा. शेवटच्याचं डोकंच तुटलं, पण बैठक सुटली. सुटली म्हणजे उडाली. दुर्बीण, कडी, बैठक असा सगळा संच सतरंजीच्या पलीकडे फरशीवर जाऊन आदळला.

मी तो झटकन उचलला आणि दोन्ही हातांनी वर धरला. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे मी शपथेवर सांगतो. त्या टाळ्यांत मला दुर्बिणीच्या आतून बारीक टक असा आवाज आला. मी ती थोडी हलवली. पुन्हा टक. तिसऱ्यांदा मी हलवली नाही.

कड्यांचे स्क्रू मग सहज सापडले, कारण आपटल्यामुळे त्यांच्यावरचं कुंकू गळून पडलं होतं. ते सुटलेही सहज. आधी हेच केलं असतं तर, असा विचार मनात आला आणि मी तो तिथेच थांबवला. नळी मोकळी करून, फडक्याने पुसून, मी ती मामाजींच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्याला लावली. बाहेर अंगणाच्या दिशेने धरली. फार वेळ धरली. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. सासूबाई झारा हातात घेऊन दाराशी आल्या होत्या.

"दिसते," मामाजी म्हणाले. "बरोबर दिसते. उलट पह्यल्यापेक्षा साफ दिसते."

मग माझे पाय धुतले गेले. पाटाभोवती रांगोळी होती. मी खाली बसलो, मला ओवाळलं, ताटात धोंडे आले, अनारसे आले, नवे कपडे आणि चांदीचा दिवा आला. मी तूप ओतून घेत घेत सगळ्यांना बंदुकीच्या देखभालीबद्दल चार गोष्टी सांगितल्या. कुंकू वाहायचं तर लाकडावर वाहावं, लोखंडावर नाही. खोबरेल थंडीत गोठतं, म्हणून हलकं तेल वापरावं, तेही कोरड्या फडक्याने पुसून. स्क्रू वर्षातून एकदा सैल करून पुन्हा आवळावेत. सगळ्यांनी ऐकलं. साधना वाढत होती. तिने माझ्या ताटात एक धोंडा जास्तीचा टाकला आणि माझ्याकडे न पाहता पुढे गेली.

सोमवारी ठाणं झालं. कुलदीपने आपल्या गाडीतून मामाजींना नेलं. आधल्या रात्री धामणगाववाल्यांचा होकार आला होता, शेजारी बंदूक असलेलं घर त्यांना सुरक्षित वाटलं म्हणे, त्यामुळे त्याचा राग गेला होता. ठाणेदारांनी बंदूक फिरवून पाहिली. बैठकीच्या जागी उरलेली भोकं पाहिली, एका भोकात अडकलेला तुटका स्क्रू पाहिला, दस्त्यावरचा ओरखडा पाहिला. "कोणी काढली?" त्यांनी विचारलं. "आमच्या जवाईबुवांनी," मामाजी ताठ बसून म्हणाले. ठाणेदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचंही लग्न झालेलं असावं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये चांदीचा दिवा मांडीवर घेऊन मी प्रसन्न बसलो होतो. बोरगाव मंजूच्या आसपास साधना खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "त्यातून काहीच दिसत नाही."

"कशातून?"

"दुर्बिणीतून. मी काल दुपारीच पाह्यलं. नुसतं पांढरं. ताकात पाह्यल्यासारखं. आईनंही पाह्यलं."

"पण मामाजी तर म्हणाले..."

"ते मंग काय म्हनतीन?" ती म्हणाली. तिचं वऱ्हाडी असं अचानक वर आलं की मी गप्प बसतो. "धोंड्याच्या दिवशी जवायाले म्हनतीन का तुमी माह्या डोळ्याची माती केली?"

मूर्तिजापूर आलं आणि गेलं. मला तो दिवा कुठेतरी ठेवून द्यावासा वाटत होता, पण बसमध्ये जागा नव्हती. मला फार लाज वाटली. वाईटही वाटलं, पण जास्त लाजच. मामाजींना बंदुकीशी काही घेणंदेणं नव्हतं. ठाणेदारांनी बंदूक कायमची ठेवून घेतली असती आणि नळी तेवढी परत दिली असती तर ते आनंदाने घरी आले असते. मी अख्खे दोन दिवस खपून बंदूक वाचवली होती.

अमरावतीला उतरल्यावर मी पहिलं काम केलं ते ऑनलाइन एक चांगली दोन डोळ्यांची दुर्बीण मागवून गावी पाठवण्याचं. पोचल्याचा फोन आला. सासूबाई म्हणाल्या, "फार भारी हाय, कायले केला एवढा खर्च?" मामाजी म्हणाले, "वा." मी मोकळा श्वास घेतला. गवईसाहेब जिन्यात भेटले आणि त्यांनी विचारलं, काय झालं किशोरभाऊ, निघाली का? मी म्हणालो, निघाली, आणि घाईत असल्यासारखा वर गेलो.

दसऱ्याला आम्ही गेलो. देवघरासमोर पाटावर बंदूक ठेवलेली होती, लोखंड स्वच्छ पुसलेलं, कुंकू फक्त लाकडावर, मी सांगितलं होतं तसं. ओरखड्यावर नेमकं बोट ठेवून कुंकू लावलं होतं, म्हणजे तो दिसू नये. आणि बंदुकीशेजारी, रेशमी खणावर, माझी नवी दुर्बीण. जावयाची वस्तू म्हणून सासूबाई ती रोज वापरू देत नव्हत्या, कपाटात खोक्यात ठेवत होत्या. आज पूजेसाठी काढली होती. तिच्या दोन्ही काचांवर ओल्या कुंकवाची ठसठशीत बोटं उमटली होती आणि एकेक अक्षता त्यावर चिकटली होती. सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. मी तोंड उघडलं. देखभालीबद्दल मी गेल्या वेळी पुरेसं बोललो होतो, म्हणून पुन्हा मिटलं.

संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर मामाजी कुठे दिसेनात म्हणून मी गच्चीवर गेलो. ते कठड्याशी खुर्चीवर बसले होते. पोतं होतं, मोबाइल होता, आणि त्यांच्या हातात तीच जुनी काळी नळी. उजव्या डोळ्याला लावलेली. मी जिन्याच्या तोंडाशीच थांबलो. ते फोनवर बोलत होते.

"सुंदराबाई, मधातल्या पट्ट्यात गवत राह्यलं."

फोन स्पीकरवर होता. "राह्यलं मालक," पलीकडून आवाज आला. "आज सनाचं कोन काढनार? उद्या काढतो."

मधल्या पट्ट्यात गवत राहतंच. त्यासाठी दुर्बीण कशाला लागते? आयुष्यभर वावर केलेल्या माणसाला ते घरात बसूनही सांगता येतं. पण मी पाहत होतो ते दुसरंच. मी बाजूने पाहत होतो म्हणून मला दिसलं. नळीला लावलेला मामाजींचा उजवा डोळा घट्ट मिटलेला होता. डावा उघडा होता.

मी त्या उघड्या डोळ्याच्या रोखाने पाहिलं. नाल्यापलीकडे कपाशी, तूर, सगळं एकात एक मिसळलेलं, माणूस दिसावं इतकं जवळ काहीच नव्हतं. मग धुऱ्यावरून काहीतरी लाल वर चढलं. एका लांब बांबूला अख्खं लाल लुगडं बांधलेलं होतं, आणि खाली कोणीतरी तो बांबू दोन्ही हातांनी पेलून डावीकडे उजवीकडे हलवत होतं. सणाच्या दिवशी, घरचं सगळं टाकून, सुंदराबाई एवढ्यासाठी वावरात आली होती. आधी तिचा एक हात पुरायचा.

मामाजींनी नळी खाली केली, वळले, आणि मी दिसलो. ते जरा दचकले. मग त्यांनी नळी फडक्याने पुसली, दोन्ही काचा, नीट, आणि माझ्याकडे पाहून हसले.

"लय साफ दिसते आता, जवाईबुवा," ते म्हणाले. "सुंदराबाईनं हात केला तो बी दिसला. चांगलं काम केलं तुमी."

खरं बोलायला एवढी मोकळी गच्ची मला पुन्हा मिळणार नव्हती. खाली सगळे जेवायला थांबले होते. मी त्यांना उठायला हात दिला आणि म्हणालो, "असू द्या मामाजी, त्यात काय एवढं."